ऐंशीचा नियम

गाडी चार्जिंगला लावून मावशीने सीट मागे पाडली, तेव्हा झोपायचा तिचा मुळीच विचार नव्हता. हे तिने पुढे सगळ्यांना शपथेवर सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण त्या चार्जिंग स्टेशनवर झोपणाऱ्या कुणाचाच कधी झोपायचा विचार नसतो. टॅक्सीवाल्याला झोप विचारून येत नाही. ती टपून बसलेली असते; पाठ जरा टेकली की झडप घालते.

आणि मावशी दमली होती. एका दिवसाचं दमणं जेवलं-झोपलं की उतरतं, हे तसलं नव्हतं. नवरा गेल्यापासून टॅक्सी तिची तिनेच चालवायची, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं, कंबर धरली तर उशी घ्यायची आणि पुन्हा चालवायची, असं वर्षानुवर्षं साचलेलं दमणं होतं ते. त्यात आज खरं तर तिने कामावर यायलाच नको होतं. पण एक निवृत्त ग्रंथपाल तिचं ठरलेलं गिऱ्हाईक. ठरल्या वारी त्यांना रक्त शुद्ध करून घ्यायला दवाखान्यात न्यावं लागे, आणि ते दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसायला तयार नसत. ‘आज नाही जमणार’ म्हणायला तिची जीभ रेटेना. त्यांना सोडून बघते तर गाडीत वीस टक्के उरलेले. ताईच्या गावाला जायला शंभर हवे होते.

ताईच्या गावाला आज जायलाच हवं होतं. ताईच्या घशात गाठ निघाली होती आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता स्वरयंत्रच काढावं लागेल. आज संध्याकाळी पाचला तिला आत नेणार होते. जीव वाचेल, पण आवाज जाईल. उद्यापासून ताई असेल, तिचं बोलणं नसेल.

आता ही ताई म्हणजे काय चीज होती, ते सांगायला हवं. उभा जन्म तिने बसस्थानकावर घोषणा करण्यात घालवला. अमुक गाडी तमुक फलाटावर लागली आहे, सामानाची काळजी घ्या, फलाटावर थुंकू नका. गावातल्या लहान पोरालासुद्धा तिचा आवाज ठाऊक होता. घरीही ती बोलायची नाही, घोषणाच करायची. ‘आंघोळीला शेवटचा माणूस पाच मिनिटांत सुटेल!’ आई लवकर गेल्यावर तिनेच मावशीला वाढवलं आणि घोषणा करूनच वाढवलं. मावशी लहानपणी एका जागी बसायची नाही, म्हणून ताई तिला भिंगरी म्हणायची. वडील म्हणायचे, काका म्हणायचा. ते सगळे एकेक करून गेले. आता या जगात मावशीला भिंगरी म्हणणारा एकच गळा उरला होता, आणि तो आज कापणार होते.

मावशीला तेवढंच हवं होतं. ताईच्या समोर बसायचं, तिने खडसावून ‘भिंगरे!’ म्हणायचं आणि आपण ‘काय?’ म्हणायचं. बाकी रडारड दोघींनाही जमणारी नव्हती. गेले दोन दिवस ताई कुणाशी बोलतच नव्हती. बोलताना दुखायचं. भाच्याने फोनवर सांगितलं, "मावशी, आईने लिहून दाखवलंय, जेवढं बोलणं उरलंय तेवढं तू आलीस की बोलणार. फोनवर नको, समोर."

सकाळची बस केव्हाच गेली होती. राहिली ही गाडी.

या गाडीवरून दोघी बहिणींचं थोडं वाजलंही होतं. घेताना मावशीने मुलीसाठी स्थळ बघावं तशी चौकशी केली होती. शोरूममधल्या पोराने सांगितलं, एकदा भरली की कुठच्या कुठे जाते. ते ‘कुठच्या कुठे’ म्हणजे सपाट रस्त्यावर, गाडीत एकटं माणूस, एसी बंद आणि वारा पाठीमागून, हे तिला नंतर कळलं. घराखाली चार्जर बसवू म्हणून ठरवलं होतं, तर वीजवाल्याने मीटर बघून कपाळाला हात लावला. जुनी वायरिंग, अर्थिंगचा पत्ता नाही, गाडी लावली तर अख्ख्या इमारतीचे दिवे जातील. घरमालक म्हणाला, त्यापेक्षा घोडा घ्या. ताईने तर तेव्हाच घोषणा केली होती, "ज्या गाडीला पाणी पाजायला दुसऱ्याच्या विहिरीवर जावं लागतं, ती गाडी आपली कशी म्हणायची?" त्यावर मावशी चिडून म्हणाली होती, "तुला काय कळतं गाड्यांमधलं, तू फलाट सांभाळ."

तर ही दुसऱ्याची विहीर शहराच्या टोकाला होती, घाटाचा रस्ता सुरू होतो तिथे. दोन मशिनं. त्यातलं एक बहुतेक वेळा आजारी. मशिनाला पेट्रोल पंपावर असते तशी जाड नळी, तिला सगळे गन म्हणतात. गन गाडीत खुपसायची आणि बसायचं. पूर्वी इथे रोज भांडणं व्हायची, कारण बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत झरझर भरते आणि मग तिला आळस चढतो. हंडा काठोकाठ आला की आपण नळ बारीक करतो, तसंच. ऐंशी ते शंभर व्हायला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो, आणि मागे रांगेतले दात ओठ खात उभे.

हा तंटा मावशीने मिटवला होता. तिने नियम केला : ऐंशी झाले की गन काढायची. ज्याचे झाले तो झोपला असेल तर त्याला उठवायचं नाही. बिचारा दमलेला असतो, झोपू द्यावं. मागच्याने हळूच मशीन थांबवायचं, गन काढून आपल्या गाडीला लावायची, झोपलेल्याच्या गाडीचं झाकण आवाज न करता बंद करायचं. म्हणून इथे कुणी गाडी लॉक करून झोपायचं नाही. या नियमाने मोठमोठे आडदांड ड्रायव्हर सरळ झाले होते. कुणी म्हणालंच, ‘आज जरा लांब जायचंय, नव्वद होऊ दे’, तर मावशी कमरेवर हात ठेवून विचारायची, "लांब कुणाला जायचं नसतं?"

आज तिला स्वतःलाच शंभर हवे होते. रांगेत उभी असताना तिच्या मनात दोनदा आलं की मागच्याला सांगावं, बाबा रे, माझी ताई अशी आहे, मला शंभर होऊ दे. पण मोठ्या तोंडाने नियम करायचा आणि मग कोणत्या तोंडाने सवलत मागायची? तिने ठरवलं, जागं राहायचं, आणि ऐंशीला कुणी आलंच तर त्याला एकट्याला बाजूला घेऊन कानात सांगायचं. चारचौघांत नको. अब्रू ही अशी नको तिथे आठवते. तिने गन लावली, सीट मागे पाडली, आकडा बघत राहिली. एकतीस, बत्तीस. पापण्या जड झाल्या.

जाग आली ती उन्हाने. ऊन सरकून तोंडावर आलं होतं. तिने घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता, म्हणजे निघायची वेळ बरोबर झाली होती. बरं झालं, म्हणून तिने डॅशबोर्डवर नजर टाकली. ऐंशी. तिला वाटलं डोळ्यांवर झोप आहे. चोळून पुन्हा पाहिलं. ऐंशीच. गन शेजारच्या पांढऱ्या गाडीला लावलेली होती आणि तिच्या गाडीचं झाकण फार प्रेमाने बंद केलेलं होतं.

पांढरी गाडी नवरदेवाची. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं आणि तेव्हापासून तो रोज इस्त्रीचा शर्ट घालून यायचा, म्हणून नवरदेव. स्टेशनवर नवीन होता. नियमाचा पहिला भाग पाठ झाला होता, दुसरा नव्हता, त्यामुळे गाडी लॉक करून तो निघून गेला होता. गाडी लॉक म्हणजे गनही अडकलेली. दुसऱ्या मशिनावर ‘बंद आहे’ असा पुठ्ठा लटकत होता.

"नवरदेव कुठाय?" मावशी ओरडली.

"दाढीला गेलाय," चहाच्या टपरीवरून कुणीतरी बोट दाखवलं.

मावशी रस्ता ओलांडून न्हाव्याच्या दुकानात घुसली तेव्हा नवरदेवाचा एक गाल चकचकीत झाला होता आणि दुसऱ्यावर साबणाचा फेस होता. न्हावी वस्तरा धरून थबकला.

"माझी गन का काढलीस रे?"

"ऐंशी झाले होते, मावशी," तो फेसातून म्हणाला. "तुम्ही झोपला होता. उठवलं नाही, बरं का. झाकणही अगदी हळू लावलं."

आता याला काय बोलणार? शिव्या घालाव्यात तर त्याने सगळं तिच्याच नियमाप्रमाणे केलं होतं. तिने त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. चारचौघांत, न्हाव्यासमोर, बाकावर बसलेल्या दोघा अनोळख्यांसमोर. अब्रू गेली तर गेली. नवरदेव गळ्यातला कपडा तसाच ठेवून उठला आणि किल्ली हातात धरून पळत सुटला. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

गन पुन्हा मावशीच्या गाडीला लागली. ऐंशी. बऱ्याच वेळाने एक्याऐंशी. चार-पाच ड्रायव्हर गोळा झाले आणि प्रत्येकाला मत होतं.

"एसी बंद, काचा वर, पायाखाली अंडं असल्यासारखी चालवा, ऐंशीत पोचाल."

"पोचतील! घाट काय तुझा सासरा आहे? मी मागच्या महिन्यात अडकलो होतो. शेवटच्या वळणावर आकडा असा पडतो की बघवत नाही."

"वर गावात आहे की एक मशीन."

"ते बंद पडून किती दिवस झाले. फोनवर बघ, करडं दाखवतंय."

मावशी ऐकत होती आणि मनातल्या मनात वजाबाकी करत होती. आत्ता निघाले तर चारला पोचेन, पोचले तर. थांबले तर पाच वाजतील. घाटात अडकले तर दोन्हीकडून जाईन. तिने शेवटी गाडीचं दार उघडलं. जे होईल ते होईल, निघायचं. गन काढायला ती हात लावणार, तेवढ्यात फोन वाजला. भाचा होता.

"मावशी, कुठवर आलीस?"

"निघतेय."

"निघतेयस? अगं, आईच्या आधी ज्यांचं होतं त्यांना ताप आलाय. आईला आधी घेतायत. पाऊण तासात नेतील, फार तर."

मावशी दाराला धरून उभी राहिली. आता वजाबाकीचंही काम उरलं नव्हतं. पंख लावले असते तरी ती पोचणार नव्हती. तिला एकदम इतकं थकल्यासारखं वाटलं की रस्त्यातच फतकल मारून बसावं.

"तिला फोन दे," ती म्हणाली.

तिकडे कुजबुज झाली. "नको म्हणतेय, मावशी. मान हलवतेय. समोर ये म्हणून खूण करतेय."

"तिला म्हणावं, मला येता येत नाही. तू नुसता तिच्या कानाला लाव."

निघावं तर पुढे घाटात फोन लागत नाही. अर्ध्या वाटेवर ना ताई ना ताईचा आवाज, अशी गत झाली असती. मावशी गाडीत बसली. दार लावून घेतलं. फोनमधून श्वास ऐकू येत होता. जड, अडखळत येणारा. ताईचाच होता.

"ताई, बोलू नकोस. नुसती ऐक," मावशी म्हणाली. मग काय बोलावं ते तिला सुचेना. बहिणीला कधी गोड बोललेली असती तर सुचलं असतं. "मी अजून शहरातच आहे. का ते विचार. गाडीत चार्जच नाही."

श्वास.

"होता, पण नाहीये. म्हणजे भरायला लावली होती, तर एकाने मधेच गन काढली. का, तर नियम आहे. नियम कुणाचा, तर माझाच. मी झोपले होते, आणि झोपलेल्याला उठवायचं नाही, हाही नियम माझाच." तिला आता बोलता बोलता सापडायला लागलं. ताईला आयुष्यात एक गोष्ट आवरता आली नव्हती, ती म्हणजे दुसऱ्याची चूक. "बरं, ज्याने काढली तो गाडी लॉक करून दाढीला बसला. अर्धी दाढी झालेला माणूस गळ्यात फडकं घेऊन रस्त्यातून पळवत आणलाय मी. अजून तसाच उभा आहे समोर. एका गालाने लग्नाला निघालाय आणि दुसऱ्याने तुरुंगातून सुटलाय."

तिकडे काहीतरी फसफसलं. ते हसणं होतं की खोकला, कळायला मार्ग नव्हता. मग दगडावरून घमेलं ओढावं तसा आवाज आला.

"सांगितलं होतं."

मावशीने डोळे घट्ट मिटले. "काय सांगितलं होतंस?"

"दुसऱ्याची... विहीर."

"हो बाई, सांगितलं होतंस. माझंच चुकलं."

"झोपलीस... कशी?"

"डोळा लागला गं."

"जेवलीस?"

"नाही."

"उपाशी... गाडी चालवतेस." एकेक शब्द ओढून काढत होती, पण काढत होती. "अक्कल... कधी येणार... तुला?"

आणि मग ती थांबलीच नाही. दोन दिवस साठवलेलं सगळं बोलली. मध्ये दम खायची, गिळताना कण्हायची, पुन्हा सुरू व्हायची. तुझ्या भाच्याला चहासुद्धा धड जमत नाही, आल्यावर चार दिवस राहा. कपाटाचं दार वर उचलून लावायचं. डॉक्टर बरा आहे, पण पुटपुटतो, माझ्यासारखं स्पष्ट बोलायला शिकवायला हवा होता. मावशी ‘हो’ म्हणत होती. बाहेर रांगेत गाड्या वाढल्या होत्या. आकडा केव्हाच नव्वदच्या पुढे गेला होता. एक नवखा हॉर्न वाजवायला लागला, तर अर्ध्या दाढीचा नवरदेव त्याच्या खिडकीशी जाऊन हात जोडून उभा राहिला आणि हॉर्न थांबला.

"ताई, घाबरलीयस का?" मावशीने विचारलं.

"नाही." बराच वेळ नुसता श्वास. "थोडी."

"मी पण."

"तू कशाला? तुझा गळा... शाबूत आहे."

मावशी हसली आणि हसता हसता रडायला लागली. तिने तोंडावर पदर दाबला. इतकं सगळं ताई बोलली होती, ‘अगं’ म्हणाली, ‘बाई’ म्हणाली, एकदा ‘मूर्ख’सुद्धा म्हणाली. ती एक हाक तेवढी मारली नव्हती. मागावी का? ताई, एकदा मला हाक मार. एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हणणं म्हणजे हे शेवटचं आहे हे दोघींनी कबूल करणं, आणि ते म्हणायला मावशीचा जीव धजेना. ती वाट बघत राहिली.

फोनमध्ये खडखड झाली. दुसऱ्याच बाईचा आवाज आला, तरुण, घाईतला. "मी नर्स बोलतेय. आता त्यांना नेतोय आम्ही. फोन ठेवायचाय."

"थांबा, एक मिनिट, तिला एकदा—"

"फोन आत नेता येत नाही हो." मग ती दुसरीकडे वळून म्हणाली, "काय, आजी? अहो, बोलू नका इतकं. काय म्हणता? पुन्हा सांगा." मागे ते घमेलं एकदा ओढल्यासारखं झालं. मावशीने फोन कानात रुतेल इतका दाबला, तरी तिला शब्द कळले नाहीत. नर्स परत फोनवर आली आणि ती हसत होती.

"त्या म्हणतायत, भिंगरीला निरोप द्या, गाडी पूर्ण भरल्याशिवाय निघू नकोस म्हणावं. भिंगरी कोण? घरातलं कुणी लहान आहे का?"

मावशीचे केस पांढरे झाले होते, गुडघे दुखत होते, आणि रांगेतले सगळे काचेतून तिच्याकडे बघत होते. ती दार उघडून बाहेर आली, जणू बाहेरून तिकडे जास्त ऐकू गेलं असतं.

"मी!" ती ओरडली. "मीच भिंगरी! तिला सांगा, ऐकलं म्हणावं! पूर्ण भरून येते म्हणावं!"

"सांगायला नको," नर्स म्हणाली. "त्यांना ऐकू आलं."

खाटेची चाकं वाजायला लागली आणि फोन बंद झाला.